मांगर ठेवायचाय? मग एकदा जुलैत जाऊन राहा

प्रिय मावशी,
मी डोंबिवलीला राहते, वय ४६. माहेरचं गाव कुडाळ तालुक्यात. मोठं घर खाली वाडीत आणि वर आंबा-काजूच्या बागेत आमचा मांगर. मे महिना लागला की आम्ही सगळी चुलत-आत्ते भावंडं, दहा-बारा पोरं, मांगरातच झोपायला. लाईट नाही, कंदील. विहिरीवर अंघोळ. छपरात एक काचेचं कौल होतं, त्यातून उन्हाचा चौकोन जमिनीवर पडायचा आणि तो सरकत सरकत कोनाड्याखाली आला की काकी पेज घेऊन वर यायची. आजही झोप लागत नसली की मी तो मांगर डोळ्यासमोर आणते. आता चुलतभाऊ (तो गावीच असतो) म्हणतो की मांगर पाडून स्लॅबच्या दोन खोल्या बांधतो, एसी लावतो, होमस्टे करतो. फॅमिली ग्रुपवर मी विरोध केला तर त्याने नुसता अंगठा टाकला आणि रात्री ग्रुपच सोडला. डिसेंबरात हौसेने मुलांना मांगरात राहायला नेलं (मुलगा १५, मुलगी ११), तर पहिल्याच संध्याकाळी मुलगा म्हणतो, "आई, इथे चार्जिंग कुठे?" आणि काकी मला म्हणाली, "तुमका चार दिवस बरा वाटता गो, हयसर रवाक कोण येता?" मला रडूच आलं. मी वेडी आहे का? मांगर वाचवू कसा? आणि मुलांना ती गोडी लावू कशी?
– मांगरातली धाकटी

(पत्र बरंच मोठं होतं, काटछाट मी केलीय.)

धाकटे,

अगंतुगं करतेय, मावशी म्हणालीस तेव्हा तो हक्क तूच दिलास.

घाटावरच्या वाचकांसाठी आधी एका ओळीत सांगते, मांगर म्हणजे घरापासून लांब, बागेत किंवा शेतात बांधलेली साधी खोपटीवजा जागा, जांभ्या चिऱ्याच्या नाहीतर मातीच्या भिंती, वर नळे किंवा मंगलोरी कौलं, आत गवत, अवजारं, आंब्याची आढी, कधी गुरं, आणि आंब्याच्या सीझनला राखणदार. माणसांनी कायम राहण्यासाठी तो बांधलेलाच नसतो. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

वेडी वगैरे काही नाहीस. ज्या जागेत माणूस लहानपणी निर्धास्त झोपला ती जागा डोक्यात घर करतेच, त्यात लाजण्यासारखं काय आहे. पण तुझं पत्र परत परत वाचताना मला एक गोष्ट खटकली. त्यात कंदील आहे, काजवे आहेत, रतांबे (कोकमाची फळं) फोडून लाल झालेले हात आहेत, काजू भाजताना उडालेला चीक आहे, फणस आहे, भुताच्या गोष्टी आहेत, आणि पानंच्या पानं असूनसुद्धा पाऊस कुठेच नाही. एकदाही नाही. सिंधुदुर्गातल्या जागेबद्दल, जिथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तिथल्या जागेबद्दल इतकं लिहायचं आणि त्यात पाऊस नाही, हे तुला विचित्र नाही वाटत? कारण साधं आहे, तुम्ही मिरगाच्या तोंडावर शाळा उघडायची म्हणून एसटीत बसायचात आणि मांगराचा पावसाळा सुरू व्हायचा तो तुम्ही गेल्यावर. तुझ्या भावाकडे तुझ्यासारखेच मे महिने आहेत पण त्याच्याकडे जून, जुलै, ऑगस्टसुद्धा आहेत, आणि त्याला मांगर म्हटलं की ते आठवत असणार.

जरा डोळ्यासमोर आण. एप्रिलात माकडांची टोळी कौलांवरून धावते, पाच-सहा कौलं तडकतात, वरून काही दिसत नाही. मिरगाआधी शाकारणी करायची म्हणजे एकेक कौल उतरवायचं, कचरा झाडायचा, फुटकं बाजूला, रीप कुजलीय का बघायची आणि परत चढवायचं, मजूर मिळाला तर ठीक नाहीतर आपणच वर. तेवढं करूनही जुलैच्या एखाद्या रात्री वाऱ्याबरोबर पाणी आत येतं, वाशावरून ओघळतं, भिंतीला बुरशी, गवत भिजलं तर ते फुकट, लाकूड भिजलं तर वाळवी. आणि बाहेर सगळीकडे पाणी म्हटल्यावर सापा-विंचवालाही तीच एक कोरडी जागा. हे सगळं दरवर्षी, तुझ्या चाळिशीपर्यंत आणि त्यानंतरही, कोणीतरी करत होतं म्हणून तुझ्या डोळ्यासमोर यायला मांगर अजून उभा आहे. आणि ज्याने केलं त्याला तू फॅमिली ग्रुपवर, सगळ्यांसमोर, 'आपल्या आठवणी विकू नकोस' असं लिहिलंस. (हे वाक्य तुझ्याच पत्रातलं आहे, मी कापलं होतं.) त्याने अंगठा टाकून ग्रुप सोडला यात मला तरी आश्चर्य वाटलं नाही, मी असते तर आधी दोन शब्द लिहून मग सोडला असता.

आता काकी. तुझ्या आठवणींत काकी एकदाच येते, पेज घेऊन. ती पेज खालून वाडीतून यायची ना? म्हणजे पहाटे उठून चूल, उकड्या तांदळाची पेज, दहा-बारा पोरांच्या मापाने, मग ते टोप डोक्यावर घेऊन घाटी चढून वर. सोबत लोणचं, एखादा भाजलेला सुका बांगडा. परत येऊन दुपारचं जेवण. शेणाने सारवलेली जमीन तुला मऊ आणि गार आठवते, साहजिक आहे, पण ती दर आठ-पंधरा दिवसांनी कोणीतरी गुडघ्यावर बसून सारवायचं, हाताने, एक अर्धगोल संपला की दुसरा, दारापर्यंत मागे मागे सरकत. काकीचे गुडघे आज कसे आहेत ते विचारलंस कधी? "हयसर रवाक कोण येता" हा तुला टोमणा वाटला, मला तो सरळ प्रश्न वाटतो. तिला उत्तर हवंय. कोण येणार आहे, कधी, किती दिवस? त्याचं उत्तर तारखेसकट देता आलं तर मांगराबद्दल बोलायला तोंड आहे, नाहीतर नाही.

म्हणून पहिलं काम: या जुलैत चार-पाच दिवसांची सुट्टी टाक आणि एकटी जा. मुलांना नको, नवऱ्याला नको. मोठ्या घरी उतर, आणि एखादी रात्र मांगरात काढ, नाहीतर निदान भर पावसात वर जाऊन दोन तास बसून ये. काय गळतं, कुठे गळतं, भावाला सोबत घेऊन बघ, आणि प्लीज त्या वेळी मांगराचा विषय तू काढू नकोस, तोच काढेल. जाऊन आल्यावरही वाटलं की हा राहिलाच पाहिजे, तर पुढचं वाच.

पुढचं हे की मी बरीचशी तुझ्या भावाच्या बाजूने आहे पण स्लॅबच्या बाजूने नाही. गावात राहून कमवायचं असेल तर होमस्टे हा चांगला विचार आहे, सिंधुदुर्ग १९९७ ला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, रेल्वे आली, चिपीला २०२१ पासून विमान उतरायला लागलं, लोक येतात. पण तिथे स्लॅब टाकून काय होतं ते कुडाळ-मालवण रस्त्याने जाताना दोन्ही बाजूला बघ, स्लॅबची घरं आणि प्रत्येक स्लॅबच्या डोक्यावर पत्र्याची शेड. का? कारण स्लॅबही गळतो. म्हणजे आधी स्लॅबचा खर्च, मग त्याला पावसापासून वाचवायला पत्र्याचा खर्च, आणि मे महिन्यात आत भट्टी म्हणून एसीचं बिल. पुण्या-मुंबईचा पाहुणा स्लॅबच्या खोलीतच राहतो गं बाराही महिने, तो कोकणात कौलं बघायला येतो. फक्त त्याला दोन गोष्टी कौलाइतक्याच लागतात, स्वच्छ संडास आणि नळाला पाणी. (तुझ्या पत्रात तुम्ही सकाळी कुठे जायचात याचा उल्लेख नाही, ते मी समजू शकते. डबा घेऊन परसाकडे जाण्याची आठवण कोणी रम्य करून लिहीत नाही.)

तर भावाशी हे धंद्याच्या भाषेत बोल. मांगराच्या चिऱ्याच्या भिंती शाबूत असतील तर त्या ठेवा, जांभा खाणीतून काढला की मऊ असतो आणि हवेवर कडक होत जातो, तुमच्या भिंती आता चांगल्या पक्क्या झाल्या असतील. त्यांना सिमेंटचा गिलावा फासू नका, चिऱ्यातली ओल आतच अडकते आणि मग रंगाचे पोपडे. छपराचे वासे वाळवीने खाल्ले असतील तर लोखंडी पाइप घालायचे म्हणतोय तर घालू दे त्याला, हट्ट करू नकोस, किंजळ-ऐनाचं लाकूड आणायचं तर पैसे कोण देणार? वर मात्र कौलंच. जमिनीला कोबा करा, काकीला आता सारवायला लावू नका. काचेचं कौल तेवढं परत बसवून घे, तो हट्ट तुला माफ. संडास-बाथरूम बाजूला वेगळं बांधा. आणि लाईट नीट फिटिंग करून घ्या, कंदिलाच्या नादाला लागू नका. वायर लोंबकळणारा एक बल्ब आणि त्यालाच जोडलेलं सगळं, हे लाकडी छपराखाली फार वाईट. राज्याच्या पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना आहे, त्यात नोंदणीचं काय ते त्याला बघू दे. दुसरी खोली हवीच असेल तर शेजारी बांधा ना, बाग काय एवढीशी आहे का.

खर्चात तुझा वाटा टाक. हे मी वेगळ्या ओळीत लिहितेय कारण इथेच सगळे मागे सरतात. एकदाचा नाही, दरवर्षीचा, शाकारणीचे पैसे मे महिन्यात न मागता पाठवायचे. बाकी भावंडांनाही विचार, ग्रुपवर हार्टचे इमोजी टाकणारे किती जण गुगल पे करतात ते कळेल.

कागदाचं थोडक्यात. तुझे वडील नाहीत असं लिहिलंयस, तर वारस म्हणून तुझं नाव सातबाऱ्यावर लागलंय का ते ऑनलाइन बघून घे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने दिलाय आणि वडील त्या तारखेला हयात असायलाच हवे होते असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. कोकणातल्या सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असणं नवीन नाही, आणि भावाला बँकेचं लोन घ्यायचं असेल तर सहहिस्सेदारांच्या संमतीचा विषय येणारच. म्हणजे तुझ्या हातात एक पत्ता आहे. पण तो पत्ता पहिल्याच डावात आपटलास तर मांगर राहील आणि भाऊ जाईल, मग त्या मांगरात कोणाबरोबर बसणार? नाव लागलंय का बघ, नसेल तर लावून घे, आणि गप्प बस. सगळं ठरलं की कोणी किती घातले आणि कोणाचं काय, हे वकिलाकडून लिहून घ्या, नंतरच्या पिढीची भांडणं वाचतात.

आता मुलं. मुलांची बाजू घ्यायला मला फार वेळ लागला नाही. तू त्यांना डिसेंबरात नेलंस! डिसेंबरात बागेत असतं काय, मोहोर आणि मोहोरावरची फवारणी. आंबा नाही, करवंद नाही, रतांबा नाही, बरोबरीची पोरं तर एकही नाही, आणि आई सारखी म्हणतेय बघ किती छान आहे ना. डिसेंबरात नेलंसच होतं तर गावोगावी जत्रा चालू असतात, रात्रभर दशावतार असतो, तो तरी दाखवायचा होतास, राक्षस मंडपात घुसताना त्या पंधरा वर्षांच्या पोराने मोबाईल वर काढला असता तो शूट करायला.

दुसरं, तुमच्या वेळचा हिशोब वेगळा होता. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ ला, त्याआधी मुंबईहून एसटीने रात्रभर हाडं खिळखिळी करून यायचं, एवढा प्रवास केल्यावर चार दिवसांत कोण परत जाईल, महिनाभर मुक्काम. आणि महिनाभर राहिलं की पहिले काही दिवस कंटाळा येतोच, तुम्हालाही आला असणार, फक्त तो आता आठवत नाही. कंटाळा संपल्यावर मग पोरं खेळ शोधतात. तुझ्या मुलांना तू कंटाळ्याच्या पहिल्या टप्प्यातच उचलून परत आणलंस. त्यामुळे पुढच्या मे मध्ये निदान दहा दिवस, आणि भावाची मुलं, आत्तेभावाची मुलं, जी जमतील ती सगळी एकत्र. हे जमवण्यासाठी तुला बरेच फोन करावे लागतील, ते मांगर वाचवण्याइतकंच महत्त्वाचं आहे, किंबहुना जास्त, कारण पोरं जमली तर ती पत्र्याच्या शेडमध्येसुद्धा मजा करतील.

आणि त्यांना कामं दे. 'अनुभव' नको. तुम्हाला कोणी तेव्हा निसर्गाचा अनुभव देत नव्हतं, रतांबे फोडायला बसवत होतं, कारण आमसुलं व्हायची होती, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात टाकायची, परत बुडवायची, परत वाळवायची, आणि कावळे हाकायला एक पोर लागायचंच. आढीतले आंबे चाळायचे, पिकलेला, अर्धा पिकलेला आणि डागी वेगळा काढायचा, अकरा वर्षांच्या मुलीला दोन दिवसांत वासावरून कळायला लागतं, करून बघ. झेल्याने (लांब काठीला बांधलेल्या जाळीने) आंबा उतरवायला मुलाला मामाबरोबर सकाळी लवकर पाठव, देठ ठेवून कसा काढायचा ते तो शिकवेल, चीक अंगावर उडतो तेवढं सांगून ठेव. मोबाईल काढून घेऊ नकोस, चार्जिंगची सोय कर. होमस्टे झालाच तर फोटो काढायचं, बुकिंगच्या पेजचं काम त्यालाच द्या, मामाला मदत होईल आणि पोराला तिथे त्याचं असं काहीतरी सापडेल. ते तुझ्यासारखं नसेल. त्याला काजव्यांपेक्षा विहिरीचा पंप आवडला तर आवडू दे.

झोपायची जी नॉस्टॅल्जिक व्यवस्था तुझ्या डोक्यात आहे, म्हणजे जमिनीवर एकच लांब गोधडी, ती मात्र नको. फुरसं हा विषारी साप आणि लाल विंचू दोन्ही तुमच्या भागात आहेत. खाट, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली, रात्री उठलं की टॉर्च, सकाळी चप्पल-बूट झटकून. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवल्यापासून कितीतरी जीव वाचलेत, पण त्यासाठी माणूस दवाखान्यात वेळेत पोचावा लागतो, म्हणून जायच्या आधीच भावाला विचारून ठेव की जवळ कुठल्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस असते आणि रात्री गाडी कोणाची मिळेल. फुरसं चावलं तर घट्ट बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करायचं नाही, माणसाला हलू द्यायचं नाही आणि गाडी काढायची. तुमच्या लहानपणी काही झालं नाही हे नशीब.

राहता राहिला तुझा सगळ्यात अवघड प्रश्न, जो तू विचारलेला नाहीस. तू सगळं करूनही भाऊ म्हणाला की नाही, मला पाडायचाच आहे, तर? तर पाडू दे. तो तिथे राहतो, त्याची मुलं तिथे राहतात, आणि काकीला सत्तरीत कोरड्या जागेत दोन पैसे मिळणार असतील तर तुझ्या रात्रीच्या झोपेपेक्षा ते मोठं आहे, मला हे लिहिताना बरं वाटत नाहीये पण मला असंच वाटतं. पाडायच्या आधी फोटो काढ, नुसते मांगराचे नकोत, काकी आत काम करतानाचे काढ. तिला बोलतं कर आणि रेकॉर्ड कर, समोर मोबाईल धरून मुलाखत नको, तिच्याबरोबर रतांबे फोडायला बस आणि फोन बाजूला चालू ठेव, ती आपोआप बोलेल, आणि त्यात कदाचित तुला न आवडणारंही असेल. कौलं धड असतील ती उतरवून मोठ्या घरी नीट रचून ठेवायला सांग. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत आणि जुन्या साच्यातलं कौल आता शोधून मिळत नाही, मोठ्या घराचं फुटलं की तीच लागतील.

जुलैत काय झालं ते कळव. आणि तुझा भाऊ हे वाचत असेल तर त्याचंही पत्र येऊ दे, या प्रकरणात मी अजून एकच बाजू ऐकलीय.

– मावशी